सीट कव्हर घेताय? आधी सीटची दाराकडची बाजू बघा

नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक काढायला जिवावर येतं अशी माणसं आमच्या घरातच आहेत. काकांनी दसऱ्याला गाडी आणली आणि ते प्लास्टिक थेट होळीपर्यंत ठेवलं. बसलं की चुरचुर आवाज, उन्हात पाठीला घाम, आणि शेवटी काढलं तेव्हा खालच्या कापडाला कोंदट वास. सीट खराब होऊ नये हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, उपाय चुकला होता. ते प्लास्टिक कारखान्यापासून तुमच्या दारापर्यंतच्या प्रवासासाठी असतं. गाडी घरी आली की त्याच दिवशी काढून टाका आणि मग सावकाश कव्हरांचं बघा.

सावकाश म्हणजे खरंच सावकाश. गाडी ताब्यात घेताना कव्हर, मॅट, मडफ्लॅप असं सगळं एकत्र दाखवतात आणि त्या दिवशी आपण कशावरही सही करायच्या मूडमध्ये असतो. मी केली होती. कव्हरं दिसायला झकास होती, बसवूनही त्यांनीच दिली. दोन महिन्यांनी गाडी धुताना लक्षात आलं की ड्रायव्हर सीटच्या कव्हरवर ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी दाराकडे नाही, हँडब्रेककडे आहे. डाव्या सीटचं कव्हर उजव्या सीटला आणि उजव्याचं डाव्याला चढवलं होतं. दोन महिने आम्ही तशीच गाडी चालवली, कोकणात जाऊन आलो.

ही पट्टी कसली आणि तिची बाजू चुकली तर काय बिघडतं, ते आधी सांगतो. रंग आणि कापड नंतर.

एअरबॅग कुठे आहे ते शोधा

गाडीत दोनच एअरबॅग असतील तर एक स्टीअरिंगमध्ये आणि दुसरी समोरच्या डॅशबोर्डमध्ये असते. त्यांचा सीट कव्हरशी काही संबंध नाही. सहा असतील तर या दोन, छताच्या कडेला पडद्यासारख्या उघडणाऱ्या दोन, आणि उरलेल्या दोन पुढच्या सीटांच्या पाठीत, दाराकडच्या फुगीर बाजूत शिवलेल्या असतात. आपल्याला भानगड आहे ती या शेवटच्या दोघींची. बाजूने धडक बसली की त्या सीटची शिवण फाडून बाहेर येतात, आणि हे सगळं पापणी लवायच्या आत व्हायला हवं. वरून जाड रेक्झिनचं दुहेरी टाक्याचं कव्हर ताणून बसवलेलं असेल तर ती पिशवी अडते, उशिरा उघडते किंवा भलतीकडे उघडते.

तुमच्या गाडीत काय आहे हे कळायला लगेच पुस्तिका उघडायची गरज नाही. पुढचं दार उघडा आणि सीटच्या पाठीची दाराकडची कड बघा. तिथे ‘एसआरएस एअरबॅग’ असं कापडी लेबल किंवा प्लास्टिकचा तुकडा दिसला तर सीटमध्ये एअरबॅग आहे. लेबल दिसलं नाही तरी एकदा पुस्तिकेत खात्री करा, कारण एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या प्रकारांत (व्हेरियंटमध्ये) फरक असतो.

सीटमध्ये एअरबॅग असेल तर माझ्या मते दोनच पर्याय आहेत. पहिला, कंपनीने त्याच गाडीसाठी दिलेलं एअरबॅगवालं कव्हर. दुसरा, ज्या कव्हरला ती बाजू सरळ उघडी ठेवलेली आहे असं कव्हर. दुकानात ‘एअरबॅगवालं आहे साहेब’ हे वाक्य प्रत्येक कव्हराला लावतात, म्हणून पट्टीवर जाऊ नका, शिवण बघा. खऱ्या एअरबॅग कव्हरला त्या जागी वेगळ्या, कमजोर धाग्याची एकेरी शिवण असते, जोरात आलं की उसवणारी. बाकी कव्हराला असतात तसेच जाडजूड दुहेरी टाके तिथेही दिसले तर पट्टी फक्त शोभेची आहे.

आणि बाजू. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे ड्रायव्हर सीटची एअरबॅग उजव्या कडेला आणि शेजारच्या सीटची डाव्या कडेला असते. कव्हरांची अदलाबदल झाली की उसवणारी शिवण आत, हँडब्रेककडे जाते आणि एअरबॅगच्या डोक्यावर पक्की शिवण येते. माझ्या गाडीत नेमकं तेच झालं होतं.

गाडीचं नाव पुरत नाही, साल सांगा

स्विफ्टचंच घ्या. २००५ मध्ये ती भारतात आली, मग २०११, २०१८ आणि २०२४ मध्ये नव्या रूपात. नाव एकच, सीटा चार तऱ्हेच्या. २०२४ च्या स्विफ्टला सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅग आहेत, म्हणजे जुन्या स्विफ्टसाठी शिवलेलं साधं कव्हर तिला मापात बसलं तरी चालणार नाही. दुकानात किंवा ऑनलाइन विचारताना गाडीचं नाव, साल आणि कुठला प्रकार हे तिन्ही सांगा. त्याशिवाय पुढच्या गोष्टी स्वतःच्या गाडीत बघून ठेवा, फोनमध्ये फोटोच काढा म्हणजे वाद नको.

पुढच्या सीटचं हेडरेस्ट सुटं निघतं की पाठीलाच जोडलेलं आहे? मागची पाठ सलग आहे की साठ-चाळीस दुभंगते? मागे मधे हात टेकायची आर्मरेस्ट आहे का? मागे हेडरेस्ट दोन की तीन? लहान मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे लोखंडी आकडे मागच्या फटीत आहेत का? ‘युनिव्हर्सल’ नावाची कव्हरं या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देतात, ते म्हणजे इलॅस्टिक. चार दिवस बरी दिसतात, मग बसताना मांडीखाली गोळा होतात.

कापड: गाव बघून ठरवा

दुकानदार गाडी बघून कापड सुचवतो. मी म्हणतो, हवा बघा.

विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. बाहेर उभ्या केलेल्या गाडीत काळं रेक्झिन म्हणजे तवा. अर्ध्या चड्डीतलं पोर त्यावर बसून किंचाळलं की कळतं. तिकडे फिकट रंगाचं कॉटन किंवा जाळीदार कापड घ्या. रेक्झिनच हवं असेल तर निदान मधल्या भागात छिद्रं असलेलं बघा.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात उन्हापेक्षा दमटपणाची डोकेदुखी. इथे एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. मऊसूत, चामड्यासारखं दिसणारं पीयू लेदर दमट हवेत आतून कमकुवत होत जातं आणि काही वर्षांनी त्याची वरची साल पापुद्र्यासारखी सुटायला लागते. पँटला काळे कण चिकटलेले दिसले की समजा सुरुवात झाली. जुनं, जरा कडक वाटणारं पीव्हीसीचं रेक्झिन दिसायला तेवढं उंची नाही, पण या बाबतीत जास्त टिकाऊ. दुसरं, रेक्झिनवर पाणी टिकत नाही हे खरं असलं तरी ते शिवणीच्या भोकांतून आत झिरपतं, आणि आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. खाली फोम ओला, वर रेक्झिन कोरडं, आणि पंधरा दिवसांनी गाडीत बुरशीचा वास. म्हणून पावसाळी भागात मी सहज निघणाऱ्या, धुता येणाऱ्या कापडी कव्हरांच्या बाजूने आहे. डिकीत एक जुना पंचा ठेवा. भिजून आलेल्या माणसाला आधी तो अंथरून द्यायचा, मग बसायचं.

पुणे, नाशिक, कोल्हापूर या पट्ट्यात दोन्ही चालतं. इथे निवड माणसांवर ठरते. घरात लहान मूल आहे आणि आंबा घाटातून वर्षातून चार चकरा आहेत, तर निर्विवादपणे रेक्झिन. घाटाच्या तिसऱ्या वळणावर जे होतं ते कापडातून निघत नाही, निघालं तरी वास निघत नाही.

रंगाचं एकच सांगतो. फिकट बदामी सीटवर नव्या जीन्सचा निळा रंग उतरतो आणि तो जाता जात नाही. जीन्सवाले लोक जास्त असतील तर करडा किंवा तपकिरी रंग बरा.

आणि हो, कव्हर लागतंच असं नाही. कंपनीनेच चांगलं लेदरेट, म्हणजे नकली चामडं, दिलं असेल तर त्यावर दुसरं रेक्झिन चढवणं म्हणजे रेनकोटवर रेनकोट. थंड हवा सोडणाऱ्या सीटा असतील तर जाड कव्हराने ती हवाच बंद होते. ज्या सोयीचे जास्त पैसे मोजले ती आपण होऊन झाकायची कशाला?

दुकानात

पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीच्या सामानाची दुकानं रांगेने आहेत, तिथे दोन-चार ठिकाणी हात लावून बघा. माझ्या अनुभवातले ढोबळ भाव हॅचबॅकसाठी असे: कॉटन किंवा टॉवेलची कव्हरं दीड-दोन हजारांत, रेक्झिनचा संच चार-पाच हजारांपासून, आणि मापाने शिवलेलं ‘बकेट फिटिंग’ आठ ते पंधरा हजार. बकेट फिटिंग म्हणजे खाली जास्तीचा फोम देऊन सीटच्या प्रत्येक खाचेत बसवलेलं घट्ट कव्हर. दिसतं सुंदर. पण ते बसवायला बहुतेक वेळा सीट गाडीतून काढतात आणि इथे तुम्ही समोर उभं राहायचं.

बघायचं काय? सीटखाली वायरी असतात आणि सीटमध्ये एअरबॅग असेल तर त्यात एक पिवळ्या रंगाचा जोड असतो. पिवळा म्हणजे एअरबॅगचा. तो सुटलेला असताना कोणी चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि जोड पुन्हा लावला तरी बऱ्याचदा तसाच राहतो. मग सर्व्हिस सेंटरला जाऊन मशीन लावून घालवावा लागतो. फिटरला आधीच सांगा की बॅटरीची तार सोडल्याशिवाय पिवळ्याला हात लावायचा नाही. शिवाय कंपनीचं मूळ कापड काढू देऊ नका. ‘काढलं की फिटिंग भारी बसतं’ असं म्हणतील. बसतही असेल, पण उद्या गाडी विकताना कव्हराखालची कोरी सीट हीच तुमची कमाई आहे.

घरी बसवायचं तर

साधी, इलॅस्टिक आणि हुकांची कव्हरं घरी बसवता येतात. पहिल्यांदा करत असाल तर अर्धा दिवस मोकळा ठेवा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कारण सीटखालच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात आणि हात तिथेच घालायचा असतो. हाताशी टॉर्च, बाद झालेलं एटीएम कार्ड आणि स्वयंपाकघरातलं लाकडी उलथणं ठेवा. उलथण्याचं काम पुढे येईल.

सीटा आधी झाडून घ्या. फटींमधून बिस्किटांचा चुरा, नाणी, पेनाची टोपणं निघतील. रेक्झिनची कव्हरं अर्धा तास उन्हात पसरा, मऊ पडतात आणि ओढायला सोपी जातात. मग चटईवर सगळे तुकडे मांडा. पुढच्या दोन पाठी, दोन बैठका, मागची पाठ, मागची बैठक, हेडरेस्टच्या टोप्या. एअरबॅगची बाजू बघून पुढच्या पाठींवर आतून खडूने ‘उजवी’, ‘डावी’ लिहा. हे लिहायला दहा सेकंद लागतात.

पुढच्या सीटपासून सुरुवात करा. हेडरेस्टच्या दांड्यांच्या बुडाशी बटण असतं, बहुधा एकाच दांडीला, काही गाड्यांत दोन्हींना. ते दाबून हेडरेस्ट वर उपसायचं. छत आड येत असेल तर पाठ जरा मागे कलवा.

पाठीचं कव्हर आधी अर्धं उलटं करून घ्या, पायमोजा घालताना करतो तसं. वरचे दोन कोपरे सीटच्या कोपऱ्यांवर नेमके बसवा आणि मग दोन्ही तळव्यांनी दाबत खाली उतरवत या. शिवणीला धरून ओढू नका, तिथेच उसवतं. एक बाजू पूर्ण खाली आणि दुसरी अर्ध्यावर असं झालं तर पुन्हा वर घ्या, जबरदस्तीने सरळ होत नाही. कव्हराची शिवण सीटच्या कडेवर आली की माप जमलं.

आता पाठ आणि बैठक यांच्या मधली फट. कव्हराची खालची झालर त्या फटीतून मागे काढायची असते आणि बोटं काही तिथे पुरत नाहीत. उलथणं इथे लागतं. त्याच्या गोल टोकाने झालर आत ढकला आणि मागच्या बाजूने दुसऱ्या कुणीतरी ओढून घ्या. मागे चेन असेल तर लावा, वेल्क्रो असेल तर चिकटवा.

बैठकीच्या कव्हराला आधी पुढची कड, मग दोन कोपरे, मग मागची झालर त्याच फटीतून. खालची कामं करताना सीट पूर्ण मागे सरकवा, ती झाली की पूर्ण पुढे सरकवून मागून हात घाला. खालच्या इलॅस्टिकचे हुक सीटच्या न हलणाऱ्या सांगाड्याला किंवा समोरच्या इलॅस्टिकला अडकवा. वायरीला नाही, आणि सीट ज्या रुळावर सरकते त्या रुळालाही नाही. उंची वाढवायचा दांडा आणि पाठ कलवायची कळ कव्हराच्या भोकातून बाहेर आलीय ना, ते बघा.

मागच्या सीटला खरी मजा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये बैठक पुढच्या कडेला दोन क्लिपांवर बसलेली असते. कडेखाली हात घालून एका टोकाला वर झटका दिला की टक्क आवाज करून सुटते, मग दुसरं टोक. काही गाड्यांत बोल्ट असतात, काहींत बिजागरी. बेताच्या जोराने निघाली नाही तर ओढत बसू नका, पुस्तिका बघा. कव्हर चढवून बैठक परत ठेवायच्या आधी बेल्टचे सगळे खटके हातात धरून वर काढा.

आम्ही नव्हते धरले. दुसऱ्यांदा कव्हरं बसवली तेव्हा भाऊ आणि मी दोघांनी मिळून बैठक दाबली, दोन्ही क्लिपा मस्त बसल्या, हात झटकून लांबून बघितलं आणि मधला खटका कुठेच नव्हता. तो खाली फोमच्या पोटात गेला होता. पुन्हा सगळं काढलं. तोपर्यंत वरून आईने चहा गार झाल्याचं तिसऱ्यांदा सांगितलं होतं.

पाठ दुभंगणारी असेल तर दोन्ही भागांची कव्हरं वेगळी हवीत. सलग कव्हर टाकलं की सीट दुमडायची सोय संपली. आयसोफिक्सच्या आकड्यांपाशी कव्हराला खाच नसेल तर तिथे झालर आत खोचून आकडे मोकळे ठेवा. मुलाची सीट नुसत्या बेल्टने बांधत असाल तर रेक्झिनवर ती घसरते, म्हणून कव्हरं बसवल्यावर ती नव्याने आवळा आणि हलवून बघा. तीन रांगांच्या गाड्यांना हेच सगळं लागू, फक्त मधली रांग सरकत असेल तर हुकांचं तिथेही पुढच्या सीटसारखंच बघायचं. शेवटी हेडरेस्टच्या टोप्या घाला, दांड्या भोकांत सोडा आणि वर ओढून अडकल्याची खात्री करा. एटीएम कार्डाने उरलेल्या कडा फटींत खोचून घ्या.

घराबाहेर पडायच्या आधी

प्रत्येक सीट पुढे-मागे पूर्ण सरकवा, पाठ कलवा, प्रत्येक बेल्ट लावून ओढून बघा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. विझला नाही तर स्वतः वायरी चाचपत बसू नका, सर्व्हिस सेंटर गाठा.

शेजारच्या सीटवर कोणी नसताना बेल्टची पीप पीप सुरू झाली तर घाबरू नका. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हर आणि शेजारचा अशा दोघांसाठी बेल्टची सूचना सक्तीची आहे. शेजारी कोणी बसलंय का हे गाडीला कळावं म्हणून बैठकीत सेन्सर असतो. कव्हर फार ताणलं की तो दबतो आणि गाडीला वाटतं कोणीतरी बसलंय. खालचं इलॅस्टिक एक घर सैल करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. आवाज बंद करायला बेल्टच्या खटक्यात घालायची नुसती क्लिप मिळते, ती मात्र घेऊ नका.

सुरकुत्या राहिल्या असतील तर दोन-चार दिवस गाडी उन्हात उभी राहू दे, बऱ्याच जातात. पंधरा दिवसांनी सगळे हुक एकदा आवळा, कारण वापरात कव्हर सैल पडतं.

पुसायला ओलं फडकं आणि जास्तीत जास्त थोडं साबणाचं पाणी. फिनेल, पेट्रोल, थिनर यांतलं काही लावू नका, रेक्झिन कडक होऊन चिरतं. चकाकी आणणारं पॉलिशही नको, ब्रेक मारला की माणूस सीटवरून घसरतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मागची चेन उघडून आत हात फिरवा. ओलसर लागलं तर कव्हर काढून सीटला दारं उघडी ठेवून दिवसभर हवा द्या.

संचात दोन-तीन हुक नेहमी जास्तीचे येतात. बसवताना काही राहून गेलं की काय म्हणून ते बघत मी एकदा अर्धा तास सीटखाली पडून होतो. ते ग्लव्ह बॉक्समध्ये टाकून ठेवा. घाटात एखादा तुटतोच.